आधी गोष्ट, मग मोबाईल

सर, वर्गात मुलांकडून डिजिटल कथा, म्हणजे स्वतःच्या आवाजात फोटो जोडून सांगितलेली छोटी गोष्ट, करून घ्यायची म्हणून पहिल्याच दिवशी टॅब वाटू नका. पोट्टे फिल्टर लावत बसतात. मी तेच केलं होतं. तास संपला तेव्हा सेल्फी ढीगभर, वाक्य एकही नाही.

विषय घरचाच घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, नागपूरच्या पोरांना सांगावी लागत नाही. पण 'मारबत छान होती' यावर सोडू नका. कोणाच्या खांद्यावर बसून पाहिली? बडग्यावर, म्हणजे मिरवणुकीतल्या टीकेच्या पुतळ्यावर, काय लिहिलं होतं? १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात जो लॅम्बर्ट आदी मंडळींनी डिजिटल कथेचा प्रकार रुजवला, तेव्हाही जोर होता तो सांगणाऱ्याच्या स्वतःच्या आवाजावर. दोन-तीन मिनिटांची गोष्ट, मोजके फोटो. आवाज मुलाचाच ठेवा. रेकॉर्डिंग ऐकलं की अडखळणारं वाक्य मूल स्वतःच खोडतं. माझ्या लाल पेनाला हे कधी जमलं नाही बुवा.

माइनक्राफ्ट, म्हणजे ठोकळे रचून बांधायचा संगणकावरचा खेळ, नंतर. त्यात नागपुरातला सीताबर्डीचा किल्ला बांधू द्या, पण प्रत्येक वळणावर पाटी हवी. किल्ला पाहायला आलेला पाहुणा रस्ता चुकला, की पाटी पुन्हा लिहायची. संगणक एकच असेल तर एकजण चालवेल, बाकीचे सूचना चिठ्ठीवर लिहून देतील. तोंडी सांगायला बंदी.