मुलगी रडते, म्हणून नर्सिंग सोडवायचं?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बीएस्सी नर्सिंग करून सात महिने पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूला आहे. पेशंट दगावला की घरी येऊन रडते, जेवत नाही. ‘फार हळवी आहे, मन दगडाचं कर म्हणून किती सांगितलं. आता एमबीएला घालू का?’ असं तुम्ही विचारता. पत्रात ‘हळवी’ चार वेळा आलंय. नाईटला तिच्याकडे किती पेशंट असतात, हे एकदाही नाही.

मला काळजी तुमच्या त्या दगडाची वाटते. खंबीर नर्स म्हणजे काही न वाटणारी नर्स, हा गैरसमज घरोघरी आहे. पहाटे चारला सीपीआर, म्हणजे हृदय पुन्हा चालू करण्यासाठी छाती दाबणं, थांबतं. डॉक्टर मृत्यूची वेळ लिहून निघून जातात. मागे उरलेल्या नळ्या काढणं, अंग पुसणं, नातेवाइकांना आत घेणं हे सगळं सिस्टरच करते, आणि तेवढ्यात शेजारच्या बेडचा औषधाचा पंप वाजायला लागतो. यातून माणूस सावरतो तो सोबतीने. ‘तू दहा मिनिटं चहा पिऊन ये, तुझा बेड मी बघते,’ म्हणणारी सीनियर सिस्टर लागते, आणि घरी ऐकून घेणारं कुणीतरी. तुम्ही ऐकायच्या आधीच उपदेश सुरू करता, हे स्पष्टच सांगतो.

आता आकड्यांचं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार आयसीयूत दर पाळीला एका बेडमागे एक नर्स हवी. तुमच्या मुलीकडे तीन-तीन व्हेंटिलेटर असतील, तर दोष तिच्या स्वभावात शोधू नका. तिथे दगडालाही तडा जाईल. अशा वेळी बदलायचं ते रुग्णालय किंवा वॉर्ड. शिक्षण कशाला बदलायचं?

एम्ससाठी नॉरसेट ही नर्सभरतीची परीक्षा आहे, क्रिटिकल केअरमध्येच पुढे शिकायचं तर नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पण हे नंतर. महिनोन्‌महिने झोप नाही, जेवण नाही असं चाललं असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

उद्या ती नाईट करून आली की आधी जेवू-झोपू द्या. संध्याकाळी एवढंच विचारा, ‘काल किती पेशंट होते गं तुझ्याकडे?’ आणि मग गप्प बसा. एमबीएचा फॉर्म तिने मागितला तरच आणा.