काजूच्या टरफलापासून रेझिन करायला निघालीस ना, मग हे वाच

अगं, तुझा मेसेज रात्री वाचला. पेट्रोलियमच्या फिनॉलऐवजी काजूच्या टरफलाचं तेल वापरून कोटिंगचं रेझिन, म्हणजे रंगाला धरून ठेवणारी राळ, करायचंय म्हणतेस, खूप बरं वाटलं. विषय अगदी बरोबर धरलायस. फिनॉल करायला बेंझीन आणि प्रोपिलीन लागतं, ते येतं क्रूडमधून, म्हणजे खनिज तेलातून, आणि इथे कोकणातलं झाड फिनॉलची रिंग आपलीआपण तयार करून टरफलात भरून ठेवतं, वर १५ कार्बनची लांब शेपटी जोडून. ती शेपटी पाणी धरत नाही, जुनी माणसं हे तेल होडीला फासायची ते उगाच नाही. शिवाय कुणाच्या ताटातलं काढून घ्यावं लागत नाही, गर खाऊन उरतं ते हे.

पण बाटली मागवून लॅबमध्ये सुरुवात करू नकोस. आधी वेंगुर्ल्याकडे एखाद्या काजू कारखान्यात आठवडाभर जाऊन बस, फोडणाऱ्या बायकांचे हात बघ, तेल लागून कातडी सोलवटलेली असते. बिब्ब्याच्या जातकुळीतलं झाड आहे, ग्लोव्हजशिवाय हात लावायचा नाही म्हणजे नाही, माझ्या मनगटावर फोड आले होते.

टरफलाच्या कच्च्या तेलात मुख्य असतं अ‍ॅनाकार्डिक अ‍ॅसिड, ते तापवलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कार्डॅनॉल, म्हणजे ते शेपटीवालं फिनॉल, मिळतं. वाचायला एक ओळ, पण प्रत्यक्षात फेस दुधासारखा भसकन वर येतो, त्यामुळे भांडं निम्मंच भर, तापमान हळूहळू चढव, फार तापलं तर शेपट्यांमधले डबल बॉण्ड (कार्बनचे दुहेरी दुवे) एकमेकांत गुंततात आणि डांबरासारखा गोळा होतो. आमच्याकडे एकदा एका पुरवठादाराने टरफलं जास्त भाजून काढलेलं तेल दिलं आणि आम्ही महिनाभर आपल्याच फॉर्म्युल्यात चूक शोधत बसलो. प्रत्येक ड्रमची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) आणि आयोडीन व्हॅल्यू (डबल बॉण्ड किती आहेत त्याचं माप) स्वतः काढ, कागदावर विश्वास ठेवू नकोस.

आणि एक. कार्डॅनॉल, फॉर्मल्डिहाइड आणि अमाइन (नायट्रोजनवालं रसायन) मिळून फेनाल्कामाइन होतं, इपॉक्सी नावाच्या रेझिनला कडक करणारं हार्डनर, थंडीत आणि दमट पत्र्यावरही सुकतं म्हणून जहाजांच्या रंगात चालतं. लोक ते ह्या गुणासाठी घेतात, झाडाचं आहे म्हणून नाही. आणि त्यातलं अमाइन, सोबतचं इपॉक्सी बहुतेक पेट्रोलियमचंच असतं गं, तेव्हा डब्यावर ‘नैसर्गिक’ लिहायच्या आधी वजनाने किती टक्के झाडाचं आहे ते मोज आणि तेवढंच लिही.

पांढऱ्या रंगाच्या मागे लागू नकोस, हे लालसर तपकिरीच येणार, प्रायमरपासून (रंगाखालच्या पहिल्या थरापासून) सुरुवात कर. मार्चमध्ये हंगाम असतो, तेव्हा ये, ताजी टरफलं मिळतील, पहिला घाणा आपण मिळून काढू.