भिक्षूने प्रेमगीतं कशी लिहिली?

प्रश्न : फ्लॉरेन्सच्या आंद्रेआची काही गाणी ऐकली. हा ख्रिस्ती भिक्षू होता म्हणे, पण रचना मात्र प्रेमाच्या. मठात त्याला कुणी अडवलं नाही का?

उत्तर : आधी ‘मठ’ या शब्दाविषयी. आंद्रेआ भिंतींआड राहणारा संन्यासी नव्हता. 1375 मध्ये तो ‘मेरीचे सेवक’ या पंथात दाखल झाला. हा पंथ फ्लॉरेन्समधल्याच सात व्यापाऱ्यांनी 1233 मध्ये सुरू केला होता, आणि त्याचे भिक्षू लोकांमध्ये वावरत. सांतिस्सिमा अनुंझियाता हे त्यांचं चर्च शहरातच आहे. तिथल्या भिक्षूंचा तो अनेकदा प्रमुख झाला, पुढे 1407 ते 1410 या काळात पंथाच्या तोस्काना प्रांताचा प्रमुखही. 1415 मध्ये तो वारला. ज्याच्यावर एवढी जबाबदारी टाकली, त्याच्या गाण्यांवर पंथाचा राग असेल, असं मला वाटत नाही.

त्याचं रोजचं वाद्य ऑर्गन. 1379 मध्ये अनुंझियातात नव्या ऑर्गनचं काम निघालं, तेव्हा फ्रान्चेस्को लांदिनी मदतीला आला. लहानपणी देवीच्या आजारात दृष्टी गेलेला हा त्या काळचा सर्वांत नामवंत संगीतकार. नळी न् नळी सुरात आणायची, तीही केवळ कानाच्या भरवशावर! ते दोघं शेजारी उभे आहेत, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

चर्चमधलं ऑर्गनवादन बरंचसं उत्स्फूर्त असे. वाजलं आणि विरलं. आंद्रेआची उपासना तिथेच झाली असणार, असं मी मानतो. कागदावर उरल्या त्या सुमारे तीस बल्लाता (हा इटालियन गाण्याचा एक प्रकार), दोन किंवा तीन आवाजांच्या. बल्लातात आधी ध्रुवपद, मग वेगळ्या चालीचे दोन छोटे खंड, पुन्हा ध्रुवपदाच्या चालीवर नवे शब्द आणि शेवटी ध्रुवपद. एक बल्लाता मी हाताने वहीत उतरवली, तेव्हा त्यातली खुबी कळली : ओळीच्या पहिल्या आणि उपांत्य अक्षरावर आवाज लांब फिरत राहतो, मधले शब्द मात्र भराभर सरतात.

आणि सगळी प्रेमगीतं नाहीत हो. एका बल्लाताची सुरुवातच ‘उद्धटपणा अज्ञानातून येतो’ अशी आहे. दुसरीत विश्वासघातक्यापासून माणसाला स्वतःला वाचवता येत नाही, अशी तक्रार आहे.

स्क्वार्चालुपी कोडेक्स या 216 चर्मपत्री पानांच्या देखण्या हस्तलिखितात संगीतकारांची चित्रं आहेत, त्यात आंद्रेआही आहे. ग्रंथ आज फ्लॉरेन्सच्या लॉरेन्झियाना ग्रंथालयात आहे. चित्र जरूर शोधून पाहा आणि त्यानंतर त्याची ‘नॉन प्यू दोल्ये एब्बे दिदो’ ही बल्लाता ऐका. प्रियकर सोडून गेला म्हणून जीव देणाऱ्या, दंतकथेतल्या कार्थेजच्या राणी दिदोलाही याहून जास्त दुःख झालं नव्हतं, असं हे गाणं सांगतं. पहिल्या वेळी फक्त खालचा आवाज धरून ठेवा.