गटारीचा पहिला लॉट, तोही पाटणच्या पावसात

दादा, तुमचा प्रश्न असा: पाटण तालुक्यात घरचा गोठा रिकामा आहे, गटारीला 200 ब्रॉयलर तयार करायचेत, पहिलीच वेळ आहे, तर टॉनिक-औषधं कुठली आणून ठेवू? औषधांचं शेवटी सांगतो, ती यादी फार छोटी आहे. पावसाळी लॉट बिघडतो तो ओल्या तुसाने आणि कोंडलेल्या हवेने. त्यावर बाटलीतलं काही चालत नाही.

आधी हिशोब. वटपौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांत पिल्लं उतरवली की आषाढ अमावास्येला ती 40 दिवसांची होतात. सांभाळ नीट असेल तर तोवर वजन 2 किलोच्या घरात जातं. एक पक्षी तेवढ्यात साधारण 3.4 किलो खाद्य खातो, म्हणजे 50 किलोच्या 14 गोण्या. खाद्य वयाप्रमाणे बदलतं: दोनेक गोण्या प्री-स्टार्टर (अगदी लहान पिल्लांचं), पाचेक स्टार्टर (त्यानंतरचं), बाकी फिनिशर (शेवटचं). पिल्लांपेक्षा जास्त पैसा या गोण्यांत जातो, तेव्हा त्याची तजवीज झाल्याशिवाय पिल्लं बुक करू नका. जागा दर पक्ष्याला 1 चौरस फूट असं सगळे सांगतात. तुमच्याकडच्या पावसात मी सव्वा धरेन. 250 चौरस फूट भरत नसेल तर सरळ दीडशेच पिल्लं आणा.

गोठ्याला मुताची नाळ असेल ती आधी बुजवा. पिल्लं तिथे पडतात, उंदीर तिथूनच येतात. जमीन धुऊन, चुना मारून चांगली सुकू द्या, मगच भाताचं तूस पसरा. उन्हाळ्यात दोन इंच चालतं, तुम्ही तीन टाका. आणि दोन-चार पोती तूस कोरडं राखून ठेवा, ते ऐन पावसात कामाला येणार आहे. गोठ्याच्या उघड्या बाजूंचे पडदे खाली पक्के बांधा आणि वरून उघडतील असे करा. बाहेर धो-धो पाऊस असला तरी वरची वीतभर फट रात्रीसुद्धा बंद करायची नाही. नवखा माणूस थंडी लागेल म्हणून गोठा चहूबाजूंनी पॅक करतो. आत अमोनिया साठतो, डोळे चुरचुरायला लागतात आणि आठवड्याभरात पक्षी घरघरतात. मग तो औषध विचारत फिरतो. अमोनियाचा वास उभं राहून कळत नाही; पक्ष्याच्या उंचीला उकिडवं बसा आणि मग हुंगा.

पिल्लं घेताना स्वस्ताईवर जाऊ नका. एक दिवसाचं पिल्लू 40 ग्रॅमच्या पुढे हवं, बेंबी कोरडी व बुजलेली, खोका उघडला की गलका व्हायला हवा. 200 पिल्लांना शंभर वॉटचे चार बल्ब पुरतात. पत्र्याचा गोल चिक गार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचं कुंपण, करा आणि बल्ब पिल्लं येण्याच्या निदान काही तास आधी लावा, तूस हाताला कोमट लागलं पाहिजे. पिल्लांच्या उंचीला पहिल्या आठवड्यात 32 ते 34 अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर टांगा, पण विश्वास पिल्लांवर ठेवा. बल्बखाली ढीग करून बसली तर गारठलीत, कडेला जाऊन चोच उघडी टाकली तर भाजतायत, सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वारा येतोय. गार्डभर विखरून खात-पीत असली की तुम्ही जेवायला जा. पहिल्या रात्री दहा-पंधरा पिल्लं उचलून गळ्याखालची खाण्याची पिशवी बोटाने चाचपा. भरलेली आणि मऊ लागली तर ठीक. रिकामी असेल तर पिल्लाला खाद्य सापडलेलं नाही, कागदावर मक्याचा भरडा टाकून पुन्हा दाखवा. नुसती कडक लागली तर पाणी कमी पडतंय. पहिल्या आठवड्यात जे मागे पडतं ते पुढे भरून निघत नाही.

वीज जाणार, हे गृहीतच धरा. कोळशाची शेगडी तयार ठेवा, पण बाहेर पेटवून धूर पूर्ण गेल्यावरच आत आणा आणि भोवती जाळी लावा. शेगडी आत आणि पडदे गच्च, असं कधीही करू नका. त्यात पिल्लंही मरतात आणि आत झोपणारा माणूसही.

दहाव्या दिवसापासून रोजचं मुख्य काम एकच, तूस खालीवर करणं. मूठभर तूस दाबून पाहा: हात उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ओलं आहे, सावकाश मोकळं झालं तर बरोबर. भांड्याखालचं ओलं तूस त्याच दिवशी काढून कोरडं टाका. पाण्याच्या भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवली की सांड बरीच कमी होते. ओल्या तुसातून कॉक्सी (आतड्याचा रोग) येते, विष्ठेत रक्त दिसतं. तेव्हा मात्र थांबू नका, जनावरांचा दवाखाना गाठा.

आता औषधं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (मानमोडीची लस) डोळ्यात थेंब, बाराव्या ते चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस, एकविसाव्याच्या आसपास लासोटा पुन्हा पाण्यातून. लस बर्फातच आणायची. पाण्यातून देताना ब्लीचिंग नसलेलं पाणी, त्यात थोडी दूध पावडर. सोबत इलेक्ट्रोलाइटचं (पाण्यातून द्यायच्या क्षारांचं) पाकीट घरात असू द्या. माझी यादी इथे संपली. दुकानदार अँटिबायोटिक हातात देईल, पशुवैद्याने सांगितल्याशिवाय घेऊ नका. त्यातलं कोलिस्टिन तर 2019 पासून खाण्याच्या जनावरांसाठी बंदच आहे. गिऱ्हाईक इंजेक्शन देता का विचारेलच. हार्मोनचं इंजेक्शन कोणी देत नाही. ही जातच निवड करत-करत अशी लवकर वाढणारी बनवली आहे, एवढं सांगा.

गावरान कोंबड्या गोठ्याच्या आसपास फिरकू देऊ नका, दुसऱ्याच्या पोल्ट्रीतून आलात तर चप्पल बदला. एकाएकी पटापट मर लागली तर मेलेले पक्षी ओढ्यात न टाकता लगेच जनावरांच्या सरकारी दवाखान्याला कळवा. 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू सापडला तेव्हा तिथली लाखो कोंबडी मारावी लागली होती.

विक्रीची नावं मात्र आत्तापासून वहीत लिहायला घ्या. गटारीनंतर श्रावण लागतो आणि उरलेला पक्षी रोज पावणेदोनशे ग्रॅम खात बसतो, भाव पडलेला असतो तो वेगळाच. भाव वाढेल म्हणून थांबू नका, सगळे अमावास्येआधी काढा. घरीच कापून देणार असाल तर 2 किलोच्या पक्ष्यातून साल काढून 1.3 किलोच्या आसपास मटण हाती येतं, त्या हिशोबाने दर सांगा. कापायच्या सात-आठ तास आधी खाद्य काढून घ्या, पाणी चालू ठेवा. पोट रिकामं असलं की साफ करणं सोपं जातं आणि गिऱ्हाईकाला खाद्याचं वजन विकल्यासारखंही होत नाही.