अबोल मुलीला जेएनयूचं वातावरण मानवेल का?

प्रश्न : मुलगी बारावी झाली. तिला दिल्लीला जेएनयूत जपानी भाषेचं बी.ए. करायचं आहे. आम्ही सांगलीचे. घरी सगळे म्हणतात, तिथे अभ्यास कमी आणि राजकारणच जास्त. मुलगी अबोल आहे, मोर्चे-आंदोलनं तिच्या स्वभावात नाहीत. तिथलं वातावरण तिला मानवेल का, हे प्रवेश घ्यायच्या आधी कसं ओळखायचं?

उत्तर :

ताई, मी कोयनेकाठच्या पाटणची. पुण्यात बी.ए. केलं आणि २०१२ मध्ये एम.ए.साठी जेएनयूत गेले. आमच्याही घरी हेच बोलणं झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे कॉलेजचं राजकारण म्हटलं की आधीच्या पिढीच्या डोळ्यांसमोर गाड्या, पैसा आणि मारामाऱ्या येतात. त्यालाही कारण आहे. १९८९ मध्ये मुंबईत निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या कॉलेजांमधल्या थेट निवडणुका बंदच झाल्या. जेएनयूतली निवडणूक मी प्रत्यक्ष पाहिली, ती वेगळी होती. चार वर्षं थांबलेल्या निवडणुका २०१२ च्याच मार्चमध्ये पुन्हा सुरू झाल्या होत्या. निवडणूक आयोग विद्यार्थ्यांचाच. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या नियमांमुळे उमेदवाराला ५,००० रुपयांच्या वर खर्च करता येत नाही आणि छापील पोस्टरही चालत नाहीत. मुलं रात्र-रात्र जागून हाताने पोस्टर रंगवायची. झेलम वसतिगृहासमोरच्या हिरवळीवर अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा वादविवाद मध्यरात्रीनंतरही चालायचा आणि लोक थंडगार गवतावर बसून ऐकायचे.

मीही तेव्हा अबोलच होते. पहिल्याच महिन्यात मेसमध्ये राजमा-भात खात होते, तेवढ्यात एक सीनियर मुलगी आली. ताटाशेजारी पत्रक ठेवलं आणि म्हणाली, उद्या मोर्चाला ये. मी मान खाली घालूनच म्हटलं, "मला नाही यायचं." ती "ठीक आहे" म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. आठवड्याभरात मला ताप आला, तेव्हा आरोग्य केंद्रात सोबत आली ती हीच मुलगी. दोन वर्षांत मी तिच्या संघटनेच्या एकाही मोर्चाला गेले नाही आणि आमची मैत्री आजही आहे.

आता पुण्यातल्या माझ्या कॉलेजबद्दल सांगते, नाव घेत नाही. तिथे एक घोषणा नाही की भिंतीवर एक पोस्टर नाही. घरचे निर्धास्त होते. पहिल्या वर्षी भर तासाला सूचना आली, "शिष्यवृत्तीवाल्यांनी उभं राहा." माझ्या शेजारची मुलगी उभी राहिली आणि ती राखीव प्रवर्गातली आहे हे सगळ्या वर्गाला कळलं. त्या दिवसापर्यंत आमच्या डब्यांची अदलाबदल व्हायची. दुसऱ्या दिवसापासून बाकावरच्या दोघी मागे जाऊन बसल्या. कुणी एक शब्द बोललं नाही, आणि ती मुलगी वर्ष संपेपर्यंत डबा एकटीच खात होती. आम्हीही गप्प बसलो, त्याची मला आजही लाज वाटते. सांगायचं एवढंच की राजकारण दिसत नाही म्हणून वातावरण चांगलं, असं मी आता कधीच म्हणत नाही. तिथे ज्याचं कुणाशी जुळत नाही, जो एकटा पडतो, त्याच्याशी बाकीचे कसे वागतात, ते मी बघते.

हे बघायला स्वतः जावं लागतं. मिरजेहून गोवा एक्स्प्रेस थेट निजामुद्दीनला जाते. मुलीला घेऊन जा, पण कामाच्या साध्या दिवशी. स्नेहसंमेलन, निवडणूक असे दिवस टाळा. गेटवर नोंद करावी लागते, त्यामुळे आतल्या कुणाशी आधी बोलून ठेवलेलं बरं. मुलीचं वसतिगृह, कँटीन आणि भाषाविभागाचा व्हरांडा, या तीन जागी दोन-दोन तास नुसतं बसा. "इथलं वातावरण कसं आहे?" असं विचारू नका, सगळे "छान आहे" म्हणतात. दुसऱ्या वर्षाची, छोट्या गावातून आलेली मुलगी गाठा आणि विचारा, "मागच्या मोर्चाला तू गेली नाहीस, तेव्हा रूममेट काय म्हणाली?" किंवा "वर्गात सगळ्यांच्या विरुद्ध मत कुणी मांडलं होतं का? त्याचं पुढे काय झालं?" उत्तर द्यायच्या आधी ती इकडेतिकडे बघते का, तेही पाहा. आणि हे प्रश्न दोन वेगळ्या विचारांच्या मुलींना विचारा, एकीवर भिस्त ठेवू नका.

वसतिगृहाचे नियम लेखी मागा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१५ च्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं आहे की सुरक्षिततेचं कारण देऊन मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे जाचक नियम लावता येणार नाहीत. त्याच नियमावलीप्रमाणे, लैंगिक छळाच्या तक्रारीत विद्यार्थी गुंतलेले असतील तर अंतर्गत समितीवर निवडून आलेले विद्यार्थी असावे लागतात. यंदा ते कोण आहेत, हे विचारा. चटकन नावं सांगता आली तर समिती जिवंत आहे असं समजा. पुण्यातली कॉलेजं बघणार असाल तर त्यांच्या वेबसाइटवर नॅकला, म्हणजे कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेला, दिलेला वार्षिक अहवाल असतो. राखीव जागा किती होत्या आणि किती भरल्या, तो आकडा त्यात नक्की बघा.

जेएनयूत सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. ५ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तोंडं बांधलेला जमाव आत शिरला, साबरमती वसतिगृहात तोडफोड झाली, विद्यार्थी आणि शिक्षक जखमी झाले. तेव्हा मी तिथे नव्हते, पण ओळखीच्या पोरींना फोन करत रात्र काढली. अशी भीती मनात असेल तर ती खोटी नाही. मुलीशी ती मोकळेपणाने बोला, तिच्यापासून लपवू नका.

राहिला तुमच्या मुलीचा स्वभाव. अबोल असण्याची मला काळजी वाटत नाही. तिला "नको" म्हणता येतं का, एवढं तपासा. मैत्रिणींनी आग्रह केला तरी न आवडणाऱ्या ठिकाणी ती जात नसेल तर जेएनयूत ती निभावून नेईल. आग्रहाला बळी पडून नंतर घरी येऊन रडत असेल, तर मात्र एक वर्ष पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकू द्या आणि मग ठरवा. एक वर्षाने काही बिघडत नाही.

तिथे मुलींच्या एका वसतिगृहाचं नाव कोयना आहे. ती पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी तिथेच उभी राहून आईला फोन केला होता. परतीच्या गाडीत तुम्ही काही विचारू नका. काय पाहिलं, ते तिला तिच्या वेळेने सांगू द्या. मिरज यायला बराच वेळ असतो.