सी4 खेळून बघ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला. "सर, पांढऱ्याने एकच ओपनिंग सांगा, कुणाहीविरुद्ध चालेल आणि माझ्या अटॅकिंग स्टाइलला शोभेल असं." फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच "हो सर, कळलं" म्हणून मोकळी होतेस. म्हणून लिहितोय.

आधी तुझ्या त्या स्टाइलचं. तुझ्या वहीतले शेवटचे चोवीस डाव मी काल पटावर लावून पाहिले. राजाच्या अंगावर धावून जिंकलेले तीन, आणि त्यातल्या एकात समोरच्याने हत्ती फुकट दिला होता. एफ7वर घोड्याचा बळी दिलेले पाच डाव आहेत, पाचही हरलीस. वजीर पटावरून गेल्यावर सी फाइल, म्हणजे सीची उभी रांग, धरून, ए आणि बी प्यादी सरकवत शांतपणे जिंकलेले किती? नऊ. तू हल्लेखोर नाहीस गं, तुला हल्लेखोर खेळाडू आवडतात. राग मानू नकोस, तुझ्या वयात माझंही तेच होतं.

म्हणून माझं मत सी4, म्हणजे पहिल्याच चालीला सी प्यादं दोन घरं पुढे, इंग्लिश ओपनिंग. 1843 साली पॅरिसला इंग्लंडच्या स्टाँटनने फ्रान्सच्या सेंट-अमांविरुद्धच्या सामन्यात ही चाल वापरली, त्यावरून हे नाव पडलं. तुझ्यासाठी मात्र तिचं महत्त्व वेगळंच आहे. काळ्याने तू दोन वर्षं सिसिलियन ड्रॅगन खेळतेस ना, ई4ला सी5 आणि पुढे जी6 करून उंट जी7वर? मग सी4ला समोरच्याने ई5 केलं की पट उलटा फिरवून बघ. तुझीच सिसिलियन, रंग पांढरा आणि एक चाल जास्त!

हे हाताने लावून बघ. सी4 ई5, घोडा सी3 घोडा एफ6, घोडा एफ3 घोडा सी6, जी3 डी5, प्यादं मारलं, घोड्याने परत मारलं. आता उंट जी2. डी5वरच्या घोड्यावर दाब येतो, म्हणून तो बहुधा बी6वर जातो. तू किल्लेकोट कर, मग ए3, डी3, बी4. बी5 येतंय ही धमकी सी6च्या घोड्याला कायम असते, सी फाइल अर्धी उघडी असते, आणि जी2चा उंट लांबून सगळं बघत बसतो. तुझ्या त्या नऊ डावांचीच ही जागा आहे. फक्त ड्रॅगनमधली राजावरची मारामारी इथे शोधू नकोस. समोरचा एक चाल मागे असल्यामुळे सहसा सावध खेळतो.

आता सी4ची खोड. समोरचा ई6, डी5 करून बसला तर तुला ठरवावं लागतं की डी4 करून क्वीन्स गॅम्बिटमध्ये, म्हणजे डी4-सी4च्या ओपनिंगमध्ये, शिरायचं, की जी3 करून बाहेरच राहायचं. हीच तिची ताकदही आहे. 1972 साली रेक्याविकला स्पास्कीविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत सहाव्या डावात फिशरने सी4 केलं. आयुष्यभर ई4 खेळणारा माणूस! डाव क्वीन्स गॅम्बिटमध्ये गेला, फिशर असा जिंकला की स्पास्कीनेही टाळ्या वाजवल्या. पण त्याला दोन्ही घरं माहीत होती. तू सध्या जी3च धर, डी4 पुढच्या वर्षी.

"सगळ्यांविरुद्ध तोच साचा" मात्र डोक्यातून काढ. एका स्पर्धेत मी सी4, जी3 डोळे मिटून केलं. समोरच्या पोराने ई5नंतर सी6 केलं. मी सवयीने घोडा एफ3. त्याने ई4, माझा घोडा डी4वर. मग डी5, मी मारलं, त्याने वजिराने मारलं, आणि माझ्या घोड्याला पुन्हा पळावं लागलं. सहा चालींत मधलं मैदान त्याचं. चहा गार व्हायच्या आत हरलो नाही, पण हरलो. सी6 दिसलं की थांबायचं, डी4चा विचार करायचा, एवढं लिहून ठेव.

लंडन ओपनिंगबद्दल, म्हणजे डी4 आणि मग उंट एफ4, तेही विचारलंयस. वाईट नाही. 2023च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंगने सहावा डाव त्यानेच नेपोम्नियाचीविरुद्ध जिंकला. परीक्षेच्या काळात अभ्यास जमणार नसेल तर बिनधास्त खेळ. पण तुझ्या सिसिलियनचं त्यात काहीच कामाला येत नाही.

आठवडाभर डेटाबेस उघडू नकोस. मोबाइलवर पंधरा मिनिटांचे दहा डाव सी4ने खेळ, हरलेले वहीत उतरव, आणि समोरच्याची कुठली चाल अनोळखी वाटली तिथे खूण कर. रविवारी येताना वही आण. आणि एफ7वर घोडा दिलेले ते पाच डावही आण, त्यातला एक खरंच जिंकता येत होता. तू अठराव्या चालीला घाई केलीस.

तुझे,
सर