भंगारातून एकट्याने उभारलेली वास्तू खरंच टिकते का?

टिकते. लॉस एंजेलिसचे वॉट्स टॉवर्स बघा.

सायमन रोडिया हा इटलीतून अमेरिकेत गेलेला मजूर. १९२१ ते १९५४, म्हणजे ३३ वर्षं, पोटापाण्याचं काम सांभाळून तो आपल्या तिकोनी जागेत एकटाच बांधत राहिला. लोखंडी सळ्या, त्यांवर तारेची जाळी, वरून सिमेंटचा गिलावा. गिलावा ओला असतानाच त्यात फुटक्या बश्या, बाटल्यांच्या काचा, टाइल्सचे तुकडे, शिंपले बसवायचा. वेल्डिंग नाही, नटबोल्ट नाहीत, परांचीसुद्धा नाही. जेवढं बांधून झालं त्याच्यावरच चढून पुढचं करायचं! सर्वांत उंच मनोरा सुमारे ३० मीटरचा आहे. मला तर यातल्या कलेइतकंच त्याच्या हाताच्या अंदाजाचं कौतुक वाटतं.

१९५५ मध्ये जागा शेजाऱ्याला देऊन तो निघून गेला. पुढे महापालिकेने मनोरे धोकादायक ठरवून पाडायचा हुकूम काढला. लोकांनी विरोध केला, आणि १९५९ मध्ये चाचणी ठरली: मनोऱ्याला केबल बांधून सुमारे साडेचार टनांचा ताण द्यायचा. मनोरा जागचा ढळला नाही, ताण देणारी यंत्रणाच वाकायला लागली. पाडापाडी तिथेच रद्द झाली.

मात्र देखभाल लागतेच. सिमेंटला तडे गेले की आत पाणी शिरून सळ्या गंजतात, त्यामुळे तिथे दुरुस्तीचं काम अनेक वर्षं चालत आलंय. १९९० पासून हे मनोरे अमेरिकेचं राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक आहेत.

एवढं लांब जाणं जमत नसेल तर चंदीगडचं, नेक चंद यांनी अशाच टाकाऊ वस्तूंतून उभारलेलं रॉक गार्डन नक्की बघा.